फडक्यावरचं ग्रीस

मला माझा जावई आवडत नव्हता, हे आमच्या शेडमधल्या भंगारालासुद्धा माहीत होतं. तरी त्या दिवसापर्यंत मी त्याला अहो-जाहोच करत होते. सासू पडले ना. बाकीच्या कामगारांची मी सकाळ-संध्याकाळ आई-बहीण काढते, त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट एखाद दिवस गप्प राहिले तर तब्येत विचारतात. पण याला मात्र, जावईबापू, नळीवर पाय देऊ नका. जावईबापू, सिलिंडरला साखळी लावा. तो हसायचा आणि साखळी लावायचा नाही. मग मी लावायची.

आमचं काम तोडायचं. जुन्या बसगाड्या, टाक्या, बॉयलर, जे येईल ते गॅसने कापून लोखंडाचे तुकडे करायचे. कापणारे ते, आणि गॅस सांभाळणारी मी. सिलिंडर उतरवून घेणं, भरलेले एकीकडे, रिकामे एकीकडे, प्रत्येकाला साखळी, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी. आणि नवा सिलिंडर सुरू करायचा तो मीच. दुसऱ्या कुणी हात लावला तर हात मोडून गळ्यात घालीन असं मी सांगून ठेवलंय, आणि मी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

एवढी कडक का, तर माझा नवरा याच शेडमध्ये गेला. कुणा शहाण्याने भरलेला सिलिंडर टोपी काढून नुसता उभा ठेवला होता. धक्का लागून तो पडला, मान लोखंडी पट्टीवर आपटून तुटली, आणि आत दाबून भरलेला सगळा गॅस एकदम सुटला. सिलिंडर जमिनीवरून सरपटत सुसाट निघाला. वाटेत माझा नवरा होता, त्याच्यामागे भिंत होती. दोघांच्याही आरपार गेला. त्यानंतर मालकाने मला कामावर घेतलं. दया म्हणून घेतलं असेल, पण आता माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

लेक तेव्हा लहान होती. शाळेतून सुटली की माझ्याजवळच बसायची. तिने हट्ट धरला की ऑक्सिजन म्हणजे काय ते दाखव. तेव्हा मी शेडच्या बाहेर, मोकळ्यावर, एका चिंधीवर ऑक्सिजन सोडला आणि लांब सळीच्या टोकाला विझत आलेली काडी बांधून ती चिंधीला लावली. भक्कन पेट घेतला आणि बघता बघता चिंधी नाहीशी झाली. तिला म्हटलं, हा स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला वेड लावतो. कपड्यात शिरला तर थोडा वेळ दडून बसतो. आणि तेल किंवा ग्रीस दिसलं तर काडीसुद्धा लागत नाही, दाबाने नुसता आदळला तरी भडका. पोर डोळे एवढे मोठे करून म्हणाली, परत कर. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

जावई लग्नानंतर इथे कामाला लागला. हात चांगला होता त्याचा, कापायला बसला की सुतासारखी रेघ. पण एक घाणेरडी सवय. उन्हाने पत्रा तापला की कटरमधून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि कटरचं तोंड कॉलरमध्ये खुपसून शर्टात वारा घ्यायचा. शर्ट फुगायचा, तो डोळे मिटून बसायचा. मी कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, सासूबाई, हवाच तर आहे, रोज घेतो, काही झालंय का? आणि खरंच काही होत नव्हतं. कारण तो वारा घ्यायचा तेव्हा आसपास कापणी बंद असायची, कटर पेटवायची चकमक माझ्याकडे असायची, आणि शेडमध्ये काडीपेटी आणायला मी बंदी घातली होती. त्याची काडीपेटी यायची लेकीबरोबर, डब्याच्या पिशवीत. बाहेर झाडाखाली तो आधी जेवायचा, मग सिगारेट ओढायचा. तेवढ्या वेळात शर्ट मोकळा व्हायचा. म्हणून वाचत होता, दुसरं काही नाही.

तो लेकीला मारायचा. आधी ती लपवायची, मग लपवण्यापलीकडे गेलं. गालावर वळ, कानातून रक्त. शेवटी मनगट मोडलं. डावा हात प्लास्टरमध्ये घालून डबा घेऊन आली आणि म्हणाली, मोरीत घसरले. मी तिला संध्याकाळी घरी न्यायला गेले तर तिने दाराची चौकट धरून ठेवली. ओढली, शिव्या दिल्या, रडले, तरी सोडेना. मी येणार नाही, तू जा, एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा कसला नवऱ्याचा सोस, असं सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारून मी परत आले. रात्रभर मला तिचं मढं दिसत होतं. आज ना उद्या हा तिला मारून टाकणार, आणि ती मारून घेणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

त्यानंतर चार-आठ दिवसांतलीच गोष्ट. सकाळी नवा सिलिंडर घेतला. टोपी काढली. रेग्युलेटर बसवण्याआधी मी नेहमी स्वच्छ पांढरं फडकं बोटाला गुंडाळून व्हॉल्व्हच्या तोंडात फिरवते. बाकीचे हसतात, बाईंनी सिलिंडरचे दात घासले म्हणून. त्या दिवशी फडकं बाहेर आलं ते काळं. चिकट. वास घेतला. ग्रीस.

ते ग्रीस तसंच राहिलं असतं आणि मी चावी फिरवली असती, तर माझं तोंड जागेवर राहिलं नसतं. सिलिंडर तसाच बंद ठेवला, टोपी लावून बाहेर मोकळ्यात नेऊन साखळीने बांधला, खडूने मोठी फुली मारली, आणि मग शेडच्या मधोमध उभी राहून मी तोंड सोडलं. कुणाच्या बापाचे हात बरबटलेले होते, कुणी टोपी काढून बघितली, आज त्याची चामडी लोळवते. लंब्या म्हणून एक आहे, उंचीला ताडमाड आणि अक्कल त्या मानाने बेताची, तो म्हणाला, बाई, भरून आला तेव्हाच असेल. माझा जावई सगळ्यांत मोठ्याने हसला. म्हणाला, सासूबाई, इतकं काय झालं, पुसलंत ना.

मला वाटलं, निष्काळजीपणा. देवाशपथ, मला तेवढंच वाटलं.

दुपारी लेक डबा घेऊन आली. लंब्याने तिला लगेच बातमी दिली की आज तुझी आई उडाली असती. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे आली. विचारलं, नवा सिलिंडर अजून तूच उघडतेस ना. म्हटलं, मग कोण उघडणार, तुझा आजा? तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, नाकाला लावलं, घडी घालून परत दिलं, ते मी पदराच्या गाठीत बांधलं. तिचा चेहरा इतका शांत मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला वाटलं, बरी दिसतेय पोर आज.

मी हात धुवायला नळावर गेले. जावई शेडमध्ये कटर शर्टात खुपसून बसला होता. ऊन मी म्हणत होतं, त्याने भरपूर वारा घेतला, मग कटर बंद करून बाहेर झाडाखाली आला आणि बसच्या मोडक्या सीटवर पसरला. शर्ट अजून अंगावर फुगल्यासारखा होता. लेक डबा उघडायला बसली. मग उघडलाच नाही. मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"आधी सिगारेट ओढून घ्या, मग जेवा."

तो खूश झाला. बायको प्रथमच गोड बोलत होती. सिगारेट तोंडात धरली आणि हात पुढे केला. ती म्हणाली, राहू दे, मी लावते. प्लास्टरच्या बोटांत काडीपेटी धरून तिने काडी ओढली. आणि मग तिने हात पूर्ण लांब केला, आणि पाय आधीच मागे टाकला होता.

ते मागे टाकलेलं पाऊल पाहिलं आणि मला सगळं कळलं. नळाजवळ पत्रे गार करायचं ओलं पोतं पडलेलं असतं. ते उचलून मी धावले. पोहोचले नाही.

आवाज फार झाला नाही. चिंधीला झाला होता तसाच, भक्कन. सिगारेट पेटली की काय पेटलं ते दिसलंच नाही, कॉलरपासून कमरेपर्यंत माणूस एकदम उजळला. मग तो ओरडला. तसा आवाज माणसाच्या गळ्यातून येतो हे मला ठाऊक नव्हतं. उठून तो शेडकडेच पळायला लागला, सिलिंडरांच्या दिशेने. मी पोत्यासकट त्याच्या अंगावर झेप घेतली. दोघं खाली. शर्ट वितळून त्याला चिकटत होता, मी तो दोन्ही हातांनी फाडत होते, माझ्या तळहातांची कातडी त्याच्याबरोबर निघत होती. तो खालून गुद्दे मारत होता. एक माझ्या जबड्यावर बसला, तोंडात दात सुटा झाला, तो मी त्याच्या अंगावर थुंकले. छातीवर बसले आणि पोत्यावरून बडवत राहिले. मर मेल्या, हलू नकोस, मर, असं काहीतरी ओरडत होते. लंब्याने पाण्याचं पिंपच आमच्यावर ओतलं.

लोक सांगतात, बाईंनी जिवावर उदार होऊन जावयाला वाचवलं. सांगू देत. शेवटच्या थपडा मी मारल्या तेव्हा आग केव्हाच विझली होती, आणि त्या पोत्यावर नाही, त्याच्या तोंडावर मारल्या. लंब्याने मला मागून उचललं तेव्हाच थांबले. त्याने हे पाहिलं, पण त्या बाबतीत त्याने अक्कल दाखवली, बोलला नाही.

पोलीस आले. विचारलं, कसं झालं. सगळ्यांनी एकच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यानेच शर्टात ऑक्सिजन भरून घेतला, रोज घ्यायचा, बाई रोज ओरडायच्या. त्यानेच सिगारेट तोंडात धरली. बायकोने काडी लावली, रोजचीच बायको, रोजचीच काडीपेटी. पोलिसांनी शेडच्या भिंतीवरची, काडीपेटी आणायची बंदी लिहिलेली पाटी वाचली, माना हलवल्या आणि गेले.

दवाखान्यात माझ्या दोन्ही हातांना बँडेज बांधून मला बाकावर बसवलं होतं. लेक शेजारी होती. तिच्या साडीवर साधी काजळीसुद्धा नव्हती. आत डॉक्टर सांगत होते की छाती आणि मान खूप भाजली आहे, पण जगेल. ते ऐकून ती माझ्याकडे वळली.

"आई, तू का आडवी आलीस?"

मग तिने सांगितलं. जेव्हा जेव्हा तिने घर सोडायचं नाव काढलं, तेव्हा तो एकच म्हणायचा. तू गेलीस तर तुझ्या आईच्या व्हॉल्व्हला बोटभर ग्रीस लावीन, तिचं तोंड भिंतीवरून खरवडून काढावं लागेल. म्हणून ती चौकट धरून उभी राहिली होती. मनगट मोडलं तरी डबा घेऊन रोज येत होती, ती मी जिवंत आहे का ते बघायला. आणि आदल्या रात्री तिला मार सहन झाला नाही. तिने त्याला सांगितलं की उद्या मी आईकडे जाते.

नवऱ्याचा सोस म्हणून हिणवून आले होते मी तिला. तिला कुशीत घ्यावं तर हात कोपरापर्यंत बांधलेले. मी नुसतं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि मोठ्याने रडले, नर्स बघायला आली तरी रडले.

मग मी तिला उत्तर दिलं. म्हटलं, मी त्याच्यासाठी आडवी आले नाही. तो मेला असता तर तू आयुष्यभर त्या काडीजवळच उभी राहिली असतीस. मला तू घरी हवी होतीस, तिथे नाही. तिला पटलं की नाही कोण जाणे. पण चपला घालून माझ्याबरोबर घरी आली आणि चौकट धरली नाही.

जाण्याआधी मी आत जाऊन आले. मेल्याचं तोंड सुजून फुटलेलं होतं, पण डोळे उघडे होते आणि ओळख होती. पदरात बांधलेलं फडकं मी दातांनी सोडलं आणि बँडेजच्या बोटांत धरून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं, डागाची बाजू त्याच्याकडे करून. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. भाजलेली मान, वळते कुठे. थांबले. त्याने नीट पाहीपर्यंत थांबले. मारताना मी त्याला अरे-तुरे केलं होतं, तेवढं एकदाच. आता परत सासू होऊन त्याच्या कानाशी वाकले.

"लेक मी घेऊन चालले, जावईबापू. बरे व्हा. आणि कधी वाटलंच तिला न्यायला यावंसं, तर जरूर या. पुढच्या वेळी मी आडवी येणार नाही."