लांबणीवर टाकण्याचे शब्द

चंद्रशेखर पंडित अनेक वर्षे योकोहामात चिप-डिझाइनचे काम करून २००३ साली सनीव्हेलच्या ऑफिसात मॅनेजर म्हणून आले. जपानी रीतिरिवाजांपैकी बाकी सारे त्यांनी तिकडेच सोडले. काम लांबणीवर टाकण्याचे शब्द तेवढे बरोबर आणले. जेवणाच्या सुट्टीत ते टीमला त्यांची प्रतवारी समजावून देत. 'आतो दे' म्हणजे नंतर, बहुधा आजच. 'मता कोन्दो' म्हणजे पुढच्या खेपेला. 'सोनो उची' म्हणजे कधीतरी. हे ऐकल्यावर शहाणा माणूस पुन्हा विचारीत नाही. टीम हसे. सर्वांत मोठ्याने परीक्षित हसे, कारण ऑफिसबाहेर साहेबांना काका म्हणणारा तो एकटाच होता.

परीक्षितचे व्हिसावरचे पाचवे वर्ष चालू होते. ते संपण्यापूर्वी कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज दाखल केला, तरच सहाव्या वर्षानंतर त्याला या देशात राहता येणार होते. आणि अर्जाला पंडितांची शिफारस आवश्यक होती. रीतसर ईमेल कर, असे त्याची बायको आश्लेषा सांगत होती. ज्यांच्या घरी आपण दर शनिवारी जेवतो त्यांना ईमेल करणे परीक्षितला उद्धटपणाचे वाटले. त्याने ताटावरच विचारले. पंडित भात कालवत "आतो दे" म्हणाले. दिवाळीत पुन्हा विचारले, तेव्हा "मता कोन्दो" म्हणाले आणि वसुधाकाकूंनी त्याला आग्रहाने आणखी एक करंजी वाढली. मार्चमध्ये "सोनो उची" झाले. परीक्षित हसला. अर्थ त्याला ठाऊक होता. तो परक्यांसाठी असतो, अशी त्याची समजूत होती.

मुदत उलटल्यावर तो या कामासाठी प्रथमच त्यांच्या केबिनमध्ये गेला. पंडितांनी दार उघडेच ठेवले.

"मला कधी विचारलंस तू?"

"काका, तुमच्या घरी. तीनदा."

"इथे सर म्हण. आणि घरी माणूस पन्नास गोष्टी बोलतो, परीक्षित. एचआरला पुरावा काय दाखवू, वसुधाच्या करंज्या?"

बाहेर कुणीतरी हसले. पंडितांनी त्याच सुरात सांगितले, की आता तुझे एकच वर्ष उरले, निघण्यापूर्वी सगळे काम सिद्धेशकडे सोपव. मुलगा नवा आहे, व्हिसाचीही बरीच वर्षे शिल्लक आहेत, पुरेल.

त्याच आठवड्यात वसुधाकाकूंचा आश्लेषाला फोन आला. तुम्ही निघणारच आहात, तर बाळाचा पाळणा माझ्या भाचीसाठी ठेवशील का? आश्लेषाने पाळणा पुसून पोहोचवला.

सिद्धेश नागपूरचा, सरळ स्वभावाचा होता. काम समजून घेता घेता त्याने संकोचाने विचारले, की ग्रीन कार्डाबद्दल सरांना आतापासूनच ईमेल टाकून ठेवावा का. मजकूर त्याने लिहूनही ठेवला होता. परीक्षितने तो वाचला. मजकूर नेमका होता, तारखेसह.

"ईमेलने दुखावतील ते," परीक्षित म्हणाला. "शनिवारी जेवायला बोलावतील, तेव्हा घरीच विचार."

"घरी? बरं दिसेल का?"

"आपलीच माणसं आहेत रे."

सिद्धेशने आभार मानून मजकूर पुसून टाकला. स्क्रीन कोरी होईपर्यंत परीक्षित त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला.