कॅसेटची दुसरी बाजू

नवापूरच्या टपरीवर योहान आणि इसहाक वीस वर्षं एकाच कॅसेटवरून भांडत होते. टिमली नाचाची कॅसेट, सगळी कॅसिओ कीबोर्डवर वाजवलेली.

"लग्नात पहिलीच बाजू वाजते. दुसरी कोण कुत्रं ऐकतं?" इसहाक म्हणायचा.

योहानला दुसरीच प्यारी. तिच्यातली तिसरी चाल त्याच्या मेलेल्या भावानं, स्टीफननं वाजवली होती. त्या कॅसेटची शेवटची प्रत इसहाककडेच उरली होती.

आज इसहाक हसत म्हणाला, "ती दुसरी बाजू पुसून मी तिच्यावर पोरीच्या लग्नातली भजनं भरली."

योहाननं त्याचं तोंड बाकावर आपटलं. दोन दात पडले. मग गळाच धरला. "माझा भाऊ दुसऱ्यांदा मारलास, भडव्या!"

रक्त थुंकत इसहाक तिसरी चाल गुणगुणू लागला. कॅसेटवर स्टीफन जिथं चुकला होता, तिथं तोही चुकला.

"पुन्हा म्हण," योहान म्हणाला. हात मात्र गळ्यावरच होता.