सोनबाचा नवस

सोनबा गेला तो नवस तसाच ठेवून. लेक दुखण्यातून उठला, तर लेण्याद्रीच्या गणपतीला प्रदक्षिणा घालीन असं तो बोलला होता. लेक बराही झाला, पण मेंढरांपायी सोनबाला डोंगर चढायला सवडच झाली नाही. वर्षश्राद्ध उरकल्यावर त्याची बायको तुकाबाई आशाचा, आपल्या सुनेचा, हात धरून कशीबशी वर आली.

"आजी, इथं प्रदक्षिणा नसते," पुजारी हळूच म्हणाले. "मूर्ती डोंगरातच कोरलीय. घालायची तर अख्ख्या डोंगराला घालावी लागेल."

तुकाबाई कठड्याशी आली. खाली डोंगराच्या कडेकडेनं मेंढरांची जुनी वाट वळत गेली होती. ती बघता बघता तिचे डोळे भरले.

"आशा, नवस कवाच फिटलाय गं. मेंढरं घेऊन जलमभर ह्याच डोंगराभवती फिरलं की त्ये."