तीन वाजताची झील

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्क्रूच्या पिशव्या भरायचं काम चालतं. जोडायचं टेबल विकत आणलं की खोक्यातून एक छोटी पिशवी निघते ना? लांब स्क्रू, आखूड स्क्रू, एक वाकडा पाना आणि चित्रांचा कागद. ती पिशवी इथल्या बायकांच्या बोटांतून जाते. बोटं अशी चालतात, की वाटावं मोगऱ्याचा गजरा ओवणं चाललंय. वास मात्र मशीनच्या तेलाचा.

सकाळच्या पाळीत या बायकांची लाइन शकु सांभाळायची. अकरा वर्षं उभ्याने पिशव्या भरल्यावर तिला तीन महिन्यांसाठी सुपरवायझर केलं होतं. जमलं तर कायम, नाही तर परत टेबलाशी. दारावरच्या फळ्यावर पक्क्या रंगात ‘लाइन सुपरवायझर’ लिहिलेलं होतं आणि त्यापुढे चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी होती, ‘शकु (प्रभारी)’. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठीचं एक टोक सारखं उठायचं. शकु येता-जाता ते अंगठ्याने दाबायची. घरातल्या झोपलेल्या लेकराचं पांघरूण नीट करावं तसं.

अडीच महिने बरे गेले आणि मग टेबलं डुलायला लागली.

“हे बघा,” मॅनेजर गार्गीने मोबाइल पुढे केला. गार्गी पार्ल्याची, एकोणतीस वर्षांची. रागावली की तिचा आवाज आणखी मऊ व्हायचा, म्हणून बायकांना तिची जास्त भीती वाटायची. मोबाइलवर एक मुलगा पाढे लिहीत होता आणि बारा त्रिक छत्तीसला टेबल होडीसारखं कलत होतं. मागून त्याची आई म्हणत होती, “बघा, माझ्या पोराला अभ्यास करताना उलटी येते!”

शकुला हसू आलं. तिने ते गिळलं.

“तीनशे टेबलं, शकुताई. नव्या मॉडेलला लांब स्क्रू दहा लागतात. दुपारच्या पाळीने आठच भरले.”

“मी सांगितलं होतं मॅडम. रजिस्टरात लिहिलंय, तोंडानेही सांगितलं. किरण म्हणाला, हो ताई, कळलं.”

किरण दुपारच्या पाळीचा सुपरवायझर. मुलुंडहून यायचा, बेचाळीस वर्षांचा, हाताला कमालीची सफाई. तोंडात मात्र एकच वाक्य. काहीही सांगा, “हो ताई, कळलं.” तीनला सकाळची पाळी सुटते आणि दुपारची सुरू होते. त्या दहा मिनिटांत डबे वाजतात, चपला सापडत नाहीत, कुणाची रिक्षा खाली थांबलेली असते. त्या गलक्यात शकु सांगायची आणि किरण मान हलवायचा.

“मी ऐकलं होतं ताई,” किरण खाली बघत म्हणाला. “पण आठ डोक्यात बसलेले. चार वर्षं आठच भरतोय.”

“पुढच्या शुक्रवारी तेजलबेन स्वतः येतायत,” गार्गी म्हणाली. तेजलबेन म्हणजे घाटकोपरच्या फर्निचर कंपनीच्या खरेदीप्रमुख, इथलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. “नवं बुकशेल्फ काढतायत. त्याच्या पिशव्या आपल्याला द्यायच्या की नाही, ते बघून ठरवणार. आता चूक झाली तर ऑर्डर जाईल. आणि शकुताई... मला वर उत्तर द्यावं लागेल. बाहेरून सुपरवायझर आणा म्हणतील.”

शकुने फळ्याकडे पाहिलं. चिठ्ठीचं टोक उठलं होतं.

गार्गीने तिच्या परीने जीव तोडला. पडदा लावून ट्रेनिंग घेतलं, इफेक्टिव्ह कम्युनिकेशनचं. पडद्यावर दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये बाण. मग चौदा रकान्यांचा फॉर्म आला. शेवटी तिने विचारलं, “सगळ्यांना कळलं ना?”

“होऽऽ!” अठ्ठावीस बायका आणि किरण.

जिन्यात शकुने शेजारून उतरणाऱ्या रत्नप्रभाला विचारलं, “काय कळलं गं तुला?”

“मला?” रत्नप्रभा म्हणाली, “समोसा गरम होता.”

*

रविवारी दुपारी चेंबूरला विहाराच्या मागच्या खोलीत गायन पार्टीची तालीम होती. शकुचा नवरा भीमराज आठवडाभर बसच्या डेपोत इंजिनं उघडतो आणि रविवारी झील धरतो. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात आणि चढवून परत देतात. वीस वर्षं भीमराज मागच्या रांगेत उभा राहून ओळी उचलतोय. पुढे ये म्हटलं तर म्हणतो, मागनं सगळं नीट दिसतं.

शकु चहाची किटली घेऊन गेली आणि दाराशीच थांबली. शाहीर कुंडलिक डोळे मिटून गात होते:

“गिरणीच्या भोंग्यावर, माय उठे पहाटला...”

“माय उठे पहाटला,” झीलकऱ्यांनी उचललं.

“डोईवर पाटी तिच्या, सूर्य येई वाटला...”

मागून झील आलीच नाही. ढोलकी अडखळली. कुंडलिकांनी डोळे उघडले. भीमराजने हात वर केला होता.

“शाहीर, मधलं कडवं राहिलं. लेकराचं.”

शकुला वाटलं, आता म्हातारा पेटणार. कुंडलिकांचा आवाज मोठा आणि मान त्याहून मोठा. पण ते मांडीवर थाप मारून हसले. “राहिलंच की! शाबास भीमा. अरे, तू नसतास तर मायनं लेकरू घरीच विसरलं असतं.”

घरी जाताना बरंच चालल्यावर शकु म्हणाली, “अहो, तुम्ही शाहिरांना थांबवता, राग नाही येत त्यांना?”

“राग कसला? झील नुसती री ओढायला नसते. शाहिराला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, ते माझ्या तोंडून ऐकतात. मी गप्प बसून मान डोलवली तर त्यांना वाटणार झकास चाललंय.”

शकु रस्त्यातच थांबली. मागून येणारा स्कूटरवाला वैतागून ओरडला.

“काय झालं?” भीमराजने विचारलं.

“किरण मान डोलवतो,” शकु म्हणाली.

*

सोमवारी तीनला डबे वाजायला लागले तसे शकुने लोखंडी टेबलावर पान्याने तीन ठोके दिले.

“किरण, इकडे ये. आजपासून मी सांगणार आणि तू झील धरायची.”

“म्हणजे?”

“मी ओळ टाकते, तू उचल. उचलल्याशिवाय माझी पाळी सुटत नाही आणि तुझी सुरू होत नाही.”

“ताई, मला गाता येत नाही.”

“मला तरी कुठं येतं? ऐक.” आणि शकुने आईच्या जात्यावरचा सूर धरला, ज्याला आजवर फक्त पीठ माहीत होतं:

“निळी पिशवी टेबलाची, लांब स्क्रू दहा,
आखूड चार घालून, झिप ओढून पाहा.”

बायकांनी पदर-ओढण्या तोंडाला लावल्या. किरणचे कान लाल झाले. “हो ताई, कळ...”

“कळलं नको. उचल.”

“लांब... दहा,” किरण पुटपुटला. “आखूड चार. झिप ओढून पाहा.”

“अय्या, याला आवाज आहे!” रत्नप्रभा ओरडली आणि हॉलभर हशा पिकला. पण त्या हशातही दहा हा आकडा अठ्ठावीस डोक्यांत जाऊन बसला. मंगळवारी जिन्यातून उतरताना बायका तेच गुणगुणत होत्या.

“आणि एक,” शकु किरणला हळूच म्हणाली, “माझी ओळ चुकली वाटली, तर झील धरू नकोस. हात वर कर.”

“तुम्हाला थांबवू? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच. कोपऱ्यात येऊन सांगितलंस तर बाकीच्यांच्या डोक्यात चुकीचंच राहील.”

गार्गी काचेआडून हे बघत होती. बुधवारी म्हणाली, “शकुताई, हे जरा... शुक्रवारी तेजलबेनसमोर गाणं नको हं. फॉर्म दाखवू.”

“फॉर्म भरलाय मॅडम. चौदाही रकाने. पण स्क्रू गाण्याने बरोबर येतायत.”

गार्गीने दोन दिवसांचा हिशेब पाहिला. चूक शून्य. जाताना ती ‘झिप ओढून पाहा’ गुणगुणत गेली.

*

शुक्रवारी सकाळी बुकशेल्फच्या हिरव्या पिशव्या सुरू झाल्या. गार्गीने घाईघाईत सांगितलं, “आखूड सहा, भिंतीचे हूक दोन. काल फोनवर बोलणं झालंय.” दुपारपर्यंत अडीचशे पिशव्या तयार झाल्या. चित्रांचे कागद छापखान्यातून उशिरा आले, म्हणून ते दुपारच्या पाळीने घालायचे ठरलं.

तेजलबेन पावणेतीनला आल्या. पांढरे केस, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं खटाखट. “चालू द्या, माझ्यासाठी थांबू नका. मी कोपऱ्यात उभी राहते.”

तीन वाजले. शकुच्या हातातला पाना घामाने निसटत होता. गार्गी लांबून मानेने ‘नको, नको’ करत होती. शकुला फळ्यावरची चिठ्ठी दिसली. नुसतं सांगितलं तर सोपं होतं. किरण मान डोलवेल, बाई सही करतील, काम होईल. पण तिने ठोके दिलेच.

“हिरवी पिशवी पुस्तकांची, आखूड स्क्रू सहा,
भिंतीवरचे हूक दोन, कागद घालून पाहा.”

किरण कागदांचा गठ्ठा सोडत होता. “आखूड सहा,” त्याने उचललं. “भिंतीवरचे...”

आणि झील आलीच नाही.

तो कागदाकडे बघत होता. मग तेजलबेनकडे. मग शकुकडे. हॉलमध्ये फक्त पंखे. किरणचा हात खांद्यापर्यंत आला, तिथे थबकला आणि मग पूर्ण वर गेला.

“ताई, चित्रात भिंतीला तीन भोकं आहेत.”

अडीचशे पिशव्या. शकुच्याच पाळीच्या. तिने कागद हातात घेतला, बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन.

“तीनच,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतका तिने आवाज लावला. “माझी ओळ चुकली. किरण बरोबर आहे. हिरव्या सगळ्या पिशव्या थांबवा.”

“अरे, मी तर फोनवर तीनच बोलले होते,” तेजलबेन पुढे आल्या. “दोन हूकवर भरलेलं कपाट? पाडायचंय का कुणाच्या डोक्यावर?”

सगळ्यांनी शकुकडे पाहिलं. तिने कागद गठ्ठ्यावर परत ठेवला. गार्गीचा चेहरा उतरला होता.

“शकुताईंची चूक नाही,” ती म्हणाली आणि या वेळी तिचा आवाज मऊ नव्हता, नुसता खरा होता. “फोन मी घेतला होता. मागे ड्रिल चालू होतं. मला दोन ऐकू आलं आणि मी म्हटलं, ओके, डन.”

“आणि मी पण ठेवून दिला,” तेजलबेन म्हणाल्या. “ओके बोललं की आपल्याला वाटतं झालं काम.” त्यांनी किरणला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही हात वर केला नसता तर?”

“ताईंनीच सांगितलंय, मॅडम. चुकीची ओळ उचलायची नाही.”

“दररोज असंच गाता?”

“सोमवारपासून,” शकु म्हणाली. “त्याआधी नुसतं कळत होतं.”

तेजलबेन आधी गालात हसल्या, मग मोठ्याने. “माझ्या गोडाऊनमध्ये पण सगळ्यांना कळतं. रोज वाट लागते. ऐका, पिशव्या इथूनच जातील. पण यापुढे मी फोनवर काही बोलले, तर तुम्ही परत म्हणून दाखवायचं.”

“तीन हूक,” गार्गी म्हणाली. “आखूड सहा, हूक तीन.”

“सुरात नाही जमणार?”

“प्रॅक्टिस करते.”

सकाळच्या पाळीच्या बायकांनी डबे खाली ठेवले. घरी फोन गेले, रिक्षावाल्याला कुणी खिडकीतून ओरडून सांगितलं, जा बाबा तू. दोन्ही पाळ्या एका टेबलाशी जमल्या, अडीचशे झिपा उघडल्या आणि एकेक हूक आत पडायला लागला, टिण, टिण, टिण. किरणने कुणी न सांगता ओळ टाकली, “हूक तीन गं, हूक तीन,” आणि रत्नप्रभाने ती अशी चढवली की शेजारच्या गाळ्यातले लोक दारात येऊन उभे राहिले.

साडेचारला काम संपलं. शकु हात धुऊन आली तर गार्गी फळ्यासमोर स्टुलावर चढलेली. चिकटपट्टी निघाली होती, चिठ्ठी तिच्या ओंजळीत होती आणि दुसऱ्या हातात पक्क्या रंगाचा मार्कर होता.

“शकुताई, पूर्ण नाव सांगा. नीट लिहायचंय.”

शकुने ओल्या हातांनी पदर सावरला. घसा खाकरला.

“सांगते. शकुंतला भीमराज हिवराळे,” ती म्हणाली. “आता तुम्ही म्हणून दाखवा.”