पाठमोरा गार्ड

"प्रुइट कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा गेल्या पन्नास वर्षांतला कुठलाही गार्ड माझ्यासमोर पाठमोरा उभा करा," ऑर्व्हिल केसिंगर म्हणाला. "त्याच्यावर घोंगडी टाका, दिवे घालवा. नुसत्या चालण्यावरून नाव सांगेन. चुकलो तर मिशी काढून देईन."

ऑर्व्हिलला मिशी नव्हती. पण डॉटीच्या हॉटेलात शनिवारी सकाळी असल्या बारीकसारीक गोष्टींकडे कुणी बघत नसे. शिवाय त्याच्या तोंडासमोर माइक होता. गावच्या रेडिओवर दर शनिवारी बास्केटबॉलच्या गप्पा असत आणि स्किप लुंडग्रेन त्या थेट डॉटीच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून ऐकवत असे. माइक सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवलेला असे, त्यामुळे गावकऱ्यांच्या मतांबरोबर बश्यांचा खडखडाटही घरोघर पोचत असे.

त्या फेब्रुवारीत वादाला नुसता ऊत आला होता. कॉलेजने जाहीर केलं होतं की आपल्या इतिहासातला सर्वांत थोर गार्ड कोण ते लोकांनी मतं देऊन ठरवावं. त्याची जर्सी कॉलेजच्या बंदिस्त मैदानाच्या छताला टांगली जाईल. झालं! गावाचे उभे दोन तुकडे पडले. एक डेल्मर पोगचा, एक वेंडेल स्ट्रॅकचा. दोघंही चौऱ्याहत्तरच्या संघात होते, त्या खेचरांच्या. हो, प्रुइटच्या संघाचं नाव खेचरं, आणि गावाला त्याचा अभिमान आहे. पोग बास्केटमागून बास्केट टाकायचा, स्ट्रॅक बॉल वाटायचा. लुथरन चर्चच्या पाद्रीबाबांनी "दोघंही देवाची लेकरं" असं म्हणून पाहिलं, तर दोन्ही पक्षांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

"बरं, स्ट्रॅकबद्दल काय म्हणणं आहे तुझं?" स्किपने विचारलं.

"स्ट्रॅक?" ऑर्व्हिलने कॉफीचा घोट घेतला. निकाल देण्याआधी न्यायाधीशही इतका वेळ घेत नाही. "चौऱ्याहत्तरची फायनल. एका गुणाने मागे. भोंगा वाजायला काही सेकंद. बॉल कुणाच्या हातात? स्ट्रॅकच्या. समोर बास्केट. आणि पठ्ठ्यानं काय केलं? पास दिला! हातात निखारा पडल्यासारखा फेकून दिला! भ्यायला तो, स्किप. सशाचं काळीज. गावाचा कप त्या सशानं घालवला."

टाळ्या पडल्या. पलीकडच्या टेबलावरून गस ब्रँडनबर्गने विचारलं, "पण पास दिला कुणाला होता रे?"

"कुणाला का देईना! तू पॅनकेक खा."

ऑर्व्हिल घरी आला तो हवेत तरंगत. घरासमोर एक माणूस रोजच्यासारखा यंत्रानं बर्फ काढत होता. डिसेंबरात ऑर्व्हिलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून रात्री बर्फ पडलं की सकाळी हा हजर. डोक्यावर टोपी, तोंडाला मफलर, कानांवर भलीमोठी झाकणं; दिसायचे ते फक्त डोळे आणि पाठ. मेथडिस्ट चर्चवाल्यांनी पाठवलेला कुणीतरी लॅरी असणार, असं ऑर्व्हिलनं ठरवून टाकलं होतं आणि तो त्याला खिडकीतून तसाच हात करायचा.

आज मात्र थोर माणूस खूश होता. "ए लॅरी! शाबास रे पोरा! काय म्हणतोस, पोग की स्ट्रॅक?"

त्या माणसानं यंत्र बंद केलं. "पोग चांगलाच होता."

"हे बघ! तुला कळतं ते त्या गसला कळत नाही. आणि स्ट्रॅक?"

"त्याच्याबद्दल मी काय सांगू?" माणसानं मफलर खाली केला. आत ऑर्व्हिलच्याच वयाचा, सुरकुतलेला, नाक लाल झालेला चेहरा होता. "मीच स्ट्रॅक."

ऑर्व्हिलचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. थंडीत दात शिवशिवायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग मनात आशेचा एक किरण चमकला. "तुम्ही... म्हणजे सकाळपासून बाहेरच असाल ना? या यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नसेल."

"नाही, नाही," वेंडेल स्ट्रॅक कानांवरच्या झाकणाला बोट लावून म्हणाला. "यात रेडिओ आहे. आज तर अगदी स्वच्छ येत होता." आणि वर म्हणाला, "पायऱ्या जपून हं. खुबा नवीन आहे तुमचा."

घरात शिरताच ऑर्व्हिल बायकोवर ओरडला, "मार्लीन! तो लॅरी नाहीये!"

"कोण लॅरी?" मार्लीन म्हणाली. "तो वेंडेल. बहीण वारली ना त्याची, शरदात आलाय नेब्रास्काहून तिच्या घरी राहायला. कोपऱ्यावर. डिसेंबरपासून केळ्याचा केक देतेय मी त्याला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सगळ्यांना पाठीवरून ओळखतोस ना? म्हटलं, ओळखलंच असशील."

त्या दिवसापासून ऑर्व्हिलच्या घशाखाली घास उतरेना. आणि आभाळानंही सूडच उगवायचा ठरवल्यासारखं रोज बर्फ पाडायला सुरुवात केली. रोज सकाळी यंत्राची घरघर. रोज ऑर्व्हिल पडद्याआड उभा राहून बघायचा: ज्याला आपण अख्ख्या गावासमोर ससा म्हटलं तो आपला ड्राइव्हवे, गेटापासून दारापर्यंतचा मोटारीचा रस्ता, कडेपर्यंत कोरून साफ करतोय. आधी तो नुसता बर्फ काढायचा. आता पाय घसरू नये म्हणून पायऱ्यांवर मीठही टाकायला लागला.

"मीठ टाकतोय," ऑर्व्हिल विव्हळला. "मार्लीन, तो मीठ टाकतोय!"

"मग काय विष टाकावं म्हणतोस?"

"त्यानं एक शिवी दिली असती ना, तर मी सुटलो असतो गं."

"त्याला माहीत असेल ते," मार्लीन म्हणाली.

लॅरीची गोष्ट मार्लीनकडून गावभर झालीच होती. हॉटेलात गसने तर सोडलंच नाही. "ये रे, चालण्यावरून ओळखणाऱ्या! ती डॉटी येतेय बघ, ओळखतोस का? की ती पण लॅरी?" एरवी ऑर्व्हिलनं त्याची सालटी काढली असती. आता त्यानं मान खाली घालून कॉफीत साखर टाकली. तो साखर घेत नसे.

शेवटी त्यानं ठरवलं, जिथे पाप केलं तिथेच फेडायचं. पुढच्या शनिवारी तो माइकसमोर बसला. रात्रभर मनात घोळवून भाषण पाठ केलं होतं. "स्किप, मला एक चूक सुधारायची आहे. वेंडेल स्ट्रॅकविषयी मी मागं जे बोललो—"

"काय गाजलं रे ते!" स्किपचे डोळे लकाकले. "लोक फोन करकरून पुन्हा मागतायत. थांब, ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी..." आणि त्यानं बटण दाबलं. भ्यायला तो, स्किप. सशाचं काळीज. गावाचा कप त्या सशानं घालवला. ऑर्व्हिलचा आवाज ऑर्व्हिलच्याच तोंडासमोरून साऱ्या काउंटीभर पुन्हा एकदा गेला.

"नाही, ऐक, ते चुकीचं होतं, मी गाढव आहे, मी—"

पण ते कुणाच्या कानावर पडलं नाही. "वेळ संपली, मित्रांनो," स्किप म्हणाला. "आता ऐका डुकरांचे बाजारभाव."

त्या सकाळीही बर्फ पडलं होतं. आणि वेंडेलच्या कानांवर झाकणं होती.

मग मात्र ऑर्व्हिल मार्लीनकडून सफरचंद भरून भाजलेली ॲपल पाय करून घेऊन कोपऱ्यावरच्या घरी गेला. वाटेत आपण घसरून पडावं, ॲपल पाय तोंडावर यावी, वेंडेलनं हसावं आणि एकदाची फिटंफाट व्हावी, अशी त्याची मनोमन इच्छा होती. पण वेंडेलनं स्वतःच्या पायऱ्यांवरही मीठ टाकलं होतं. पडायचीसुद्धा सोय नव्हती.

"वेंडेल, मी फार वाईट बोललो. दोनदा."

"असू दे हो. त्यात काय."

"असं कसं असू दे? रागवा माझ्यावर!"

"कॉफी घेणार?"

ऑर्व्हिलनं कॉफी घेतली. काय करणार? भिंतीवर ना फोटो, ना कप, ना खेचराचं चित्र. त्या घरात चौऱ्याहत्तरच्या संघातला कुणी खेळाडू राहतो, असं शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं.

"एक विचारू?" ऑर्व्हिल म्हणाला. "तो पास. का दिलात?"

वेंडेलनं ॲपल पायचा तुकडा काट्यानं उगाच इकडून तिकडे सरकवला. "माझ्या अंगावर दोघं होते. डेल्मर मोकळा होता."

"डेल्मर? पोग? पास पोगला दिला होता?"

"हो. त्याची बास्केट चुकली. त्याची कधी चुकत नसे, त्या दिवशी चुकली. आजही मी त्यालाच देईन."

ऑर्व्हिलला पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती फायनल पुन्हा दिसली. स्ट्रॅकच्या हातातून सुटलेला बॉल त्याला नेहमी आठवायचा. तो पुढे कुठे गेला हे आठवायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ज्या पोगसाठी त्यानं गावभर घसा कोरडा केला त्यानंच कप घालवला होता आणि आता तो फ्लोरिडात मोटारी विकत होता.

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"डेल्मरची आई होती तेव्हा गावात," वेंडेल म्हणाला. "अजून एक तुकडा घ्या."

ऑर्व्हिल बाहेर पडला तो आला होता त्यापेक्षा दुप्पट ओझं घेऊन. आता एकच वाट होती: वेंडेलला निवडून आणायचं. तो दारोदार फिरला. वृद्धाश्रमात त्यानं भाषणं दिली. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या माणसालाही त्यानं सोडलं नाही. पोगचा कट्टर भक्त स्ट्रॅकच्या गोटात कसा गेला, यावर गावात तर्क चालले. खुब्याबरोबर डॉक्टरांनी डोक्यालाही हात घातला असावा, असं गसचं मत पडलं. ऑर्व्हिलनं सगळं ऐकून घेतलं. वेंडेलची जर्सी एकदा छताला टांगली गेली की आपण पुन्हा सरळ मानेनं पॅनकेक खाऊ, एवढंच त्याला दिसत होतं.

गुरुवारी निकाल लागला. जर्सीचा मान ब्रायस टोलिव्हरला मिळाला. हा दुसऱ्या वर्षाचा मुलगा यंदाच खेळायला लागला होता, पण त्याच्या केसांचे व्हिडिओ विद्यार्थ्यांच्या फोनवर फार चालत, आणि मतं फोनवरून द्यायची होती. डॉटीच्या हॉटेलात पोगवाले आणि स्ट्रॅकवाले गळ्यात गळा घालून बसले. पाद्रीबाबांशी लोक पुन्हा बोलायला लागले.

"केस मात्र बरे आहेत हं त्याचे," गस म्हणाला.

सगळा गाव सुटला. ऑर्व्हिल तेवढा अडकला. शुक्रवारी रात्री पुन्हा बर्फ पडलं आणि पहाटे त्याला सुचलं. इतके दिवस आपण तोंडानं फेडायला बघत होतो. हातानं झालेलं ऋण हातानंच फेडायला हवं. वेंडेल उठायच्या आत वेंडेलचाच ड्राइव्हवे आपण साफ करायचा!

त्यानं गसचं यंत्र आणलं. यंत्राची मूठ सोडली की ते आपोआप थांबायला हवं, पण गसची बोटं दुखत म्हणून त्यानं ती तारेनं करकचून बांधून ठेवली होती. ऑर्व्हिलनं यंत्र सुरू केलं. पहिल्या फेरीत बर्फ वेंडेलच्या पत्रपेटीवर गेलं आणि पेटी आडवी झाली. दुसऱ्या फेरीत सकाळचं वर्तमानपत्र यंत्रात गेलं आणि भुग्याच्या रूपानं वेंडेलच्या ट्रकवर पसरलं. तिसऱ्या फेरीत मात्र त्याला हात बसला. ड्राइव्हवे बऱ्यापैकी दिसायला लागला, वाकडातिकडा. छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटून ऑर्व्हिल शीळ घालायला लागला.

दार उघडलं. वेंडेल अंगात झगा, पायात सपाता अशा अवतारात बाहेर आला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच लाल होता, आणि थंडीनं नव्हे.

"काय करतोयस तू?"

"फेडतोय! तुम्ही इतके दिवस माझ्यासाठी—"

"तुला कुणी सांगितलं? अरे, पन्नास वर्षं झाली. दुकानात जा, चर्चमध्ये जा, जो तो विचारणार, 'पास का दिलास?' म्हणूनच नेब्रास्काला गेलो. बहिणीच्या मयताला परत आलो तर शवपेटीपाशी एक जण विचारतो, 'पास का दिलास?' सकाळी बर्फ काढतो तेवढीच काय ती माझी वेळ. कुणी विचारत नाही. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, माझं मी ठरवतो. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी ससा म्हणत नाही. तुझा ड्राइव्हवे मला आवडतो, समजलं? सरळ आहे. आणि तू माझं एवढंच उरलेलं काम घेऊन बसलास. तेही असं गाढवासारखं केलंस!"

ऑर्व्हिलनं इतके दिवस ज्या शिव्यांची वाट बघितली त्या आल्या, आणि आल्या तेव्हा कळलं की आपलं मन हलकं करायच्या नादात आपण या माणसाला तिसऱ्यांदा लुटलं.

"चुकलो," तो म्हणाला. यावेळी भाषण नव्हतं. "मग आता मी काय करू?"

"घरी जा. तुझ्या बर्फाला हात लावू नकोस. मी येतो." वेंडेल जरा निवला. "आणि मार्लीनला म्हणावं, केळ्याच्या केकमध्ये अक्रोड घालत जा."

"सांगतो!" ऑर्व्हिल म्हणाला आणि यंत्र सोडून दोन्ही हातांनी त्याचा हात धरायला पुढे झाला.

यंत्र थांबलं नाही. ते उतारावरून रस्ता ओलांडून समोर पाद्रीबाबांच्या अंगणात गेलं. तिथला नाताळचा पुतळ्यांचा देखावा अजून उतरवलेला नव्हता. एक मेंढपाळ आणि दीड मेंढी गेली.