पाण्यावरची हजेरी

माझं कोणी ऐकलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ताई तेव्हा गप्प का बसली असं नंतर कोणी विचारायला नको. मी गप्प बसले नव्हते. बोट चालवणाऱ्या भोंग्याला सांगितलं, प्रवाळ केंद्राच्या मोठ्या बाईंना सांगितलं, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला तर तिच्या तोंडावर सांगितलं, आणि प्रत्येकानं आपापल्या परीनं मला एकच उत्तर दिलं, की ताई, तुझा कान.

माझा उजवा कान लहानपणी बुडी मारताना फुटला, हे खरं आहे. म्हणून तर मी पाण्यात उतरत नाही, बोटीवर बसते. पण डावा कान शाबूत आहे, आणि धक्क्यावर कोण माझ्याविषयी काय कुजबुजतं ते मला घरात बसून कळतं, हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यापुरता माझा कान चांगला असतो.

आमचं बेट लहान. बाहेरचे लोक इथे पाण्याखालची दुनिया बघायला येतात, आणि त्यांच्या पायांनी, नांगरांनी मोडलेलं प्रवाळ आम्ही पुन्हा वाढवतो. मोडके तुकडे गोळा करायचे, खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दोऱ्या ताणलेल्या आहेत त्यांना टांगायचे, त्यांच्यावर शेवाळ धरलं की दात घासायच्या ब्रशनं घासून काढायचं, त्यांना खाणाऱ्या गोगलगायी चिमट्यानं वेचायच्या. सगळं हळूहळू. प्रवाळ वर्षाला बोटाच्या पेराएवढं वाढतं, आणि तेवढं वाढलं की मोठ्या बाई घरी बाळ जन्मल्यासारख्या हसतात. पाण्याखाली मास्तर, लंबू आणि माझी बहीण बारकी उतरतात. मास्तर पूर्वी पाहुण्यांना बुडी शिकवायचे म्हणून मास्तर, लंबू उंच म्हणून लंबू, आणि बारकी आता पस्तिशीची झाली तरी बारकीच. माझं काम वरचं. मोडके तुकडे टपात ठेवायचे, त्यांच्यावर ओलं फडकं घालायचं, समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, आणि घरी आल्यावर सगळ्यांचे रबरी सूट गोड्या पाण्यात खळबळून वाळत टाकायचे.

आमच्या बोटीचा एक नियम आहे. माणसं वर आली की भोंगा एकेकाचं नाव पुकारतो, ज्याचं त्यानं स्वतः “आहे” म्हणायचं, आणि भोंग्यानं त्याच्या तोंडाकडे बघायचं. शेजारच्यानं “तो बसलाय इथेच” म्हटलेलं चालत नाही. दुसऱ्या कुठल्याशा बोटीवर असंच कोणीतरी दुसऱ्याच्या वतीनं बोललं होतं आणि एक माणूस समुद्रात राहिला होता, तेव्हापासूनचा हा नियम. भोंग्याचा आवाज असा, की पुकारा सुरू झाला की खडकावरचे पक्षी उडतात.

त्या दिवशी पुकारा झाला. मास्तर म्हणाले, आहे. लंबू म्हणाला, आहे. बारकी म्हणाली, आहे. भोंग्यानं इंजिनाकडे हात नेला, आणि तेवढ्यात बोटीच्या मागून, पाण्याच्या बाजूनं, पुन्हा “आहे” असं आलं. बारकीच्याच आवाजात. पुकाऱ्याला उशीर झालेलं माणूस जसं थोडं ओशाळून बोलतं, तसं. मी बारकीकडे बघितलं. ती समोर बसली होती, तोंडात बिस्कीट, दोन्ही हातांनी केस पिळत.

“कोण बोललं?” मी विचारलं.

“कधी?” भोंगा म्हणाला.

“आत्ता. मागून.”

“मासा असेल,” लंबू म्हणाला. “ताई, त्यालाही हजेरीवर घ्या, बिस्किटं मिळतील.”

सगळे हसले. मीही हसले असेन. पण परत येताना मी सारखी मागे बघत होते, आणि बोटीमागच्या फेसात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मग ते वाढत गेलं. म्हणजे मोठं झालं नाही, जवळ आलं. पुढच्या फेऱ्यांना तो आवाज बारकीच्या “आहे”च्या अगदी पाठोपाठ यायला लागला, तिची सावली असावी तसा, नंतर तिच्याबरोबरच, आणि एकदा तर मला स्वच्छ दिसलं की “आहे” आधी आलं आणि बारकीचे ओठ नंतर हलले. घरीही तेच. एका संध्याकाळी ओट्यापाशी चहा ओतताना मी विचारलं, “बारके, साखर घालू?” खोलीतून आलं, “घाल.” दोन कप घेऊन मी आत गेले तर खोली रिकामी, पंखा गरगरतोय, गादीवर वाळलेले कपडे पडलेले. कप निवायच्या आत बारकी रस्त्यावरून चालत आली, खांद्यावर पिशवी, चपलेत वाळू. मी तिला तिथेच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “ताई, मी साखर सोडून किती वर्षं झाली.”

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांच्या टेबलावर प्रवाळाचे पांढरे सांगाडे मांडलेले असतात, त्यांतला एक हातात घेऊन त्या माझं बोलणं संपेपर्यंत शांत बसल्या, शिकलेली माणसं बसतात तशा. मी म्हटलं, “बाई, नियम बदला. आवाजावर जाऊ नका. माणसाच्या खांद्याला हात लावून मोजा.” त्या म्हणाल्या, “ताई, भोंगा तोंड बघूनच पुढे जातो ना? मग काळजी कसली? तुम्ही एकदा कान दाखवून या. मी चिठ्ठी देते.” मी म्हटलं, “कान मी दाखवते, पण तुम्ही डोळे दाखवून या.” माझं तोंड हे असं. त्या हसल्या, रागावल्या नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर लोक आपापल्या परीनं सांगतातच. पलीकडच्या बेटावर अशीच प्रवाळाची नवी रोपवाटिका सुरू होणार होती, आणि वारे फिरले की बारकी तिथे मुख्य म्हणून जाणार होती. आई गेली तेव्हा बारकी दुधाचे दात पडायच्या वयाची होती. तिला मी वाढवलं. ती अबोल. शाळेत गुरुजींनी काही विचारलं, दुकानात वाणी काही बोलला, पाहुण्यांनी नाव विचारलं, की ती माझा पदर धरायची आणि तिच्या वतीनं मी बोलायचे. कोणीतरी बोलायला हवंच होतं. तर तिला जायचं होतं आणि मी एका शब्दानं अडवलं नाही. फक्त एकदा भांडी घासता घासता म्हटलं, “तिथे तुझी हाक ऐकायला कोण आहे?”

“आणि इथे कोण ऐकतंय?” ती म्हणाली. तिनं पुढची वाटी उचलली. मग म्हणाली, “ताई, हे आवाजबिवाज तू बोटीवर काढू नकोस. लोकांना वाटतं, तुला मी जायला नको आहे.”

“लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. तुला काय वाटतं?”

तिनं हातातली वाटी विसळून पालथी ठेवली आणि ती बाहेर जाऊन बसली.

नंतरच्या फेरीला वारा होता. बोटीवरची ताडपत्री फडाफडा करत होती, ऊन पाण्यावरून उलटं डोळ्यांत येत होतं, आणि बोट जिला बांधतो ती दोरी तळाशी रोवलेल्या कडीत अडकून बसली होती. मास्तर वर आले, लंबू दुसऱ्या बाजूनं वर आला. मास्तर म्हणाले, बारकी माझ्या मागेच शिडीपाशी आहे. भोंगा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाकाडावर, ओणवा होऊन दोरीशी झटत होता, त्यामुळे त्यानं तसंच, पाठ फिरवून, पुकारायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्या माणसानं एकदाच तोंडं बघितली नाहीत.

मास्तर, आहे. लंबू, आहे.

“बारके!”

“आहे.”

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. पहिल्यांदाच सगळ्यांनी. मी तेव्हा टपावर वाकले होते, पाणी ओतून काढायला दोन्ही हात गुंतलेले आणि ओल्या फडक्याचं टोक दातांत धरलेलं. लंबू म्हणतो की फडकं टपावरच होतं. त्याला कुठलं दिसणार, तो टॉवेलात डोकं घालून बसला होता. माझ्या तोंडात अजून त्या फडक्याची खारट चव आहे. पण एक मला सांगायलाच हवं. या वेळी तो आवाज पाण्याच्या बाजूनं आला नाही. बोटीतून आला, टपाच्या जवळून, माझ्या डाव्या कानाच्या इतका लगत, की मला वाटलं बारकी माझ्या शेजारी येऊन बसली. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मी मान वळवून तिला बघायलासुद्धा उठले नाही.

दोरी सुटली. इंजिन लागलं. बोट खाडीबाहेर पडून वळली तेव्हा मी पाणी बदलून सरळ झाले आणि बारकीला म्हटलं, “जरा टप धर.” तिथे कोणी नव्हतं.

पुढचं मी काय ओरडले ते मला आठवत नाही. भोंग्याच्या हातावर माझ्या नखांचे ओरखडे आहेत, ते त्यानं सगळ्यांना दाखवले. आम्ही परत फिरलो, पण पाण्याची ओढ जोरात होती आणि दोऱ्यांपाशी पाणी मोकळं होतं. किती शोधलं ते विचारू नका. मास्तर रडत होते, लंबू ताडपत्रीच्या खांबावर चढून बघत होता, आणि भोंगा एकसारखा तिचं नाव पुकारत होता, त्या त्याच्या आवाजात, आणि समुद्र काही म्हणत नव्हता. शेवटी खडकाच्या टोकाला हद्दीचं जे पिवळं पिंप तरंगतं, त्याच्या साखळीला ती सापडली. ओठ निळे, तळहात शिंपल्यांनी कापलेले. बोटीत घेतली तेव्हा मी तिला कवटाळलं. ती माझ्या मिठीत होती, पण तिचे हात तिच्या स्वतःभोवती होते.

केंद्रावर आणून तिला चादरीत गुंडाळून बाकावर बसवलं. मी गरम पाण्याचा पेला दिला. दाराबाहेर तारेवर सूट ठिबकत होते. मोठ्या बाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले.

“मी ऐकलं,” भोंगा म्हणाला. “बाई, पोराबाळांची शपथ. तिनं आहे म्हटलं.”

“मीही ऐकलं,” मास्तर म्हणाले. लंबूनं मान हलवली.

“बघा,” मी म्हटलं. “आता बघा. इतके दिवस मी काय सांगत होते?”

कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

मोठ्या बाईंनी बारकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू वर येऊन परत खाली गेलीस का?”

बारकी हळू बोलत होती, पण न अडखळता, आणि मला जाणवलं की चार माणसांत ती इतकं बोललेली मी कधी ऐकलंच नव्हतं. “शिडीपाशी आले, आणि चिमटा दोरीला राहिला म्हणून परत खाली गेले. दोरी धरली होती. भोंगादादानं माझं नाव पुकारलेलं मला ऐकू आलं.”

“पाण्याखाली?” भोंगा म्हणाला. “अगं, खाली इंजिनाशिवाय काय ऐकू येतं?”

“ऐकू आलं. मग कोणीतरी आहे म्हणालं. आणि मला वाटलं, झालं, मी वर पोचले. मी बोटीत बसले आहे. मला ऊनसुद्धा लागलं. म्हणून मी हललेच नाही. मग इंजिन लागलं आणि मी बघितलं, तर सगळीकडे पाणी.”

बाहेर तारेवरचा एक सूट वाऱ्यानं वळला. मोठ्या बाईंनी फार जपून विचारलं, “तो आवाज तुझाच होता ना?”

“माझ्यासारखा होता,” बारकी म्हणाली. “लहानपणापासून तो माझ्यासारखाच आहे.”

“कोणाचा?”

तिनं पेला खाली ठेवला. तो भरलेला होता, तिनं एक घोटही घेतला नव्हता. माझ्याकडे न बघता, अगदी मायेनं, तिनं सांगितलं,

“ताईचा.”