तळाला मारलेला पाय

अंदमानहून परतल्यापासून मधुकरराव समुद्रात बुडी मारतानाच्या त्या व्हिडिओचा विषय टाळत होते. पण पत्नी प्रेमिलाबाईंनी हौसेने शेजाऱ्यांना तो बघायला आणि फराळाला बोलावलं, आणि रामदासपेठेतल्या त्यांच्या लहानशा बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. खाप्याहून बालमित्र चंद्रभानही आला होता. दोघं ज्या विहिरीत पोहायला शिकले, ती त्याच्याच शेतातली.

कॉलेजात शिकणारी नात खुशी मोबाइल टीव्हीला जोडू लागली, तसे मधुकरराव कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसले.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्या जिवांची वसाहत असते, हे खुशीला त्यांनीच पुस्तकं वाचून दाखवत शिकवलं होतं. बोटसुद्धा लावू नकोस, असं नावेतही बजावलं होतं. ती पाण्यात अलगद तरंगली. आणि ते स्वतः? मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, छातीत धडधडलं, आणि वाचलेलं सारं वाहून गेलं. पायांत उरली ती लहानपणची विहीर. जीव घाबरा झाला की तळाला पाय मारायचा आणि वर यायचं. त्यांनी पाय मारला. खाली सांबराच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं. पायातल्या रबरी पंखांतूनही ते मोडल्याचं त्यांना कळलं. सोबतच्या प्रशिक्षकाचा कॅमेरा तेव्हा चालूच होता.

टीव्हीवर निळं पाणी उजळलं. मधुकरराव खाली उतरताना दिसले आणि सगळ्यांनी कौतुक केलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावरचे ते नावेत बसून ओलेचिंब हसत होते. मधलं काही नव्हतंच. त्यांनी खुशीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे पाहत होती, जरा जास्तच एकटक.

हायसं वाटायला हवं होतं. पण आपली लाज या पोरीनं आपल्याआधी पाहिली आणि गुपचूप झाकून ठेवली, या विचाराने त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहून गा मधुकर," चंद्रभान म्हणाला, "तळाले पाय मारला का नाही मंग? विहिरीत भेला का तेच करे तू."

बैठक हसली.

"आबांनी कुठंच पाय टेकवला नाही," खुशी पटकन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नव्हती तिला.

"मारला," मधुकरराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "मारला मी पाय. खुशी, ते मधलं असेल तुझ्याकडे, तर लाव."

राहू द्या आता, असं प्रेमिलाबाईंनी सुचवून पाहिलं. खुशी क्षणभर घुटमळली, मग तिने लावलं.

पाय आपटला. पांढरा गढूळ ढग उठला आणि फांद्या कोसळल्या.

"गोटाच तं होय," चंद्रभान म्हणाला.

मग ढग निवळला आणि इवले निळे मासे परत आले. ज्या फांद्यांत शिरायचं त्याच नव्हत्या. तरी ते त्या उघड्या जागेभोवतीच घिरट्या घालत राहिले. बैठकीतलं हसू विरून गेलं.

"आता हे कुठं राहतीन गा?" चंद्रभानने हळूच विचारलं.

एवढी पुस्तकं वाचलेल्या मधुकररावांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, ती फराळाची बशी समोर आली तरी वर केली नाही.